टेकू

धोबीतलावच्या दुकानात मुर्तझाभाईंनी
काचेवर एकेक मांडलं:
बाणानं टेकायच्या जागा.
एक प्लास्टिकचा, पाठीला डिंक, शंभराला दोन.
एक तारेचा, लोहचुंबकावर डोलणारा.
एक गोल, आतून दाढीच्या ब्रशासारखे केस,
बाण असा धरतो की धनुष्य उलटं केलं तरी सुटत नाही.
"परदेशात शिकारी हाच लावतात. झाडावर चढा, पावसात बसा."
शिकारी म्हटल्यावर बानं पहिल्यांदा मान वर केली.

मग मखमलीच्या डबीतला, दागिन्यासारखा:
बाण सुटला की हा आपोआप खाली पडतो,
वाटेतून बाजूला होतो.
"ह्यो चांगला," बा म्हणाला,
"काम झालं का दूर व्हतो. मानसांना नाय जमत."
चिठ्ठी उलटी करून किंमत पाहिली.
तबेल्यातला दीड महिना.
डबी त्यानं हळूच मिटली,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार ओढावं तशी.

बाहेर बेस्टच्या बसेस एकमेकींवर भुंकत होत्या.
बानं तारेवर बाण ठेवला, मागं ओढला, पुन्हा पुढं,
डोळे मिटून, कान पार जवळ नेऊन.
"किरकिरतंय."
मला काहीच ऐकू आलं नाही.
"ससा आयकंल."
मुर्तझाभाई हसले. चांगल्या मनानं हसले.
"काका, टारगेटला कान नसतात."

मला लाज वाटली.
कुणाची, ते अजून नीट ठरलेलं नाही.

म्हणून जरा चिडूनच विचारलं,
तुझ्या कामठ्याला कुठं होता टेकू?
तो कामठा मी पाहिलाय, चुलीवरच्या धुरात काळा झालेला,
दोरी नसलेला,
आता त्यावर आई ओली फडकी टाकते.

बानं डावी मूठ काचेवर ठेवली.
पहिल्या बोटाच्या पेरावर एक रेघ,
तांदळाच्या दाण्याएवढी, गुळगुळीत, पांढरी.
प्रत्येक बाण जाताना पिसानं थोडं थोडं घेऊन गेलेला.
"ह्यो. फुकट."
मुर्तझाभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि मूठ निरखली, माल निरखतात तशी,
बराच वेळ.

आम्ही शंभराचे दोन घेतले.
बा काचेपाशीच घुटमळला. "त्या डबीतलं कापड
येगळं मिळंल का?"
ड्रॉवरमधून एक फुटकी डबी निघाली, बिजागरी गेलेली.
पैसे नकोत म्हणाले.
बानं पाचाचं नाणं काचेवर ठेवलंच.

रात्री पाड्यावर ट्यूबलाइटखाली
ब्लेडनं मखमलीची पट्टी कापली, नखाएवढी,
फेविकॉल, वर काडेपेटीचं वजन.
सकाळी दूध काढायला निघण्याआधी
मला उठवलं, अंधारातच,
माझ्या कानापाशी बाण मागं ओढला.
"आयकू येतंय?"
नाही.
"मग बराबर."

रविवारी तीस मीटर.
पाठीवर क्लबचा बिल्ला: सुकरी धिंडे.
पहिला बाण निळ्यात गेला. कोपर, कामत मॅडम ओरडल्या.
दुसरा लाल.
दोरीमागं बाकीच्यांचे आईवडील मोबाइल धरून,
आणि बा, डबा धरून.
तिसरा ओढला तेव्हा हनुवटीखाली
काहीच नव्हतं, ना खरखर ना श्वास,
मखमलीवरून बाण असा गेला
की मलाच उशिरा कळलं, सुटला.

वळून पाहिलं, जे करायचं नसतं.
सगळ्यांचे डोळे टारगेटवर.
बाची मान मात्र डावीकडे, कुंपणाबाहेरच्या गवताकडे,
डबा छातीशी घट्ट,
जणू तिथून आत्ताच काहीतरी उठून
पळालं असावं, सुखरूप.

"हात खाली का आला?" मॅडम ओरडल्या.
"बाण पोचेस्तोवर हात खाली येता कामा नये!"
हो मॅडम, म्हटलं.